सत्तावीस नंबरच्या वाट्या

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी भट्टी पेटवायचो आणि रविवारी न्याहारी झाल्यावर उघडायचो. साल एकोणीसशे पासष्ट. धाडच्या हायस्कुलात मी शास्त्र शिकवत होतो. घरामागच्या अंगणात विटा, माती आणि भुसा वापरून कमरेइतकी उंच भट्टी मी स्वतः बांधली होती. कडूबा कुंभार मला लाल मातीच्या वाट्या घडवून द्यायचा आणि मी त्यांच्यावर झिलईचे प्रयोग करायचो. आपली मडकी पाझरतात, त्यांत लोणचं टिकत नाही. गावात मिळणाऱ्या जिनसांतून काचेसारखी पक्की झिलई जमली तर कडूबाच्या बरण्या जालन्यापर्यंत जातील, असं आम्हा दोघांच्या मनात होतं. प्रत्येक मिश्रणाला मी नंबर द्यायचो आणि तो वाटीच्या बुडाला गेरूने लिहायचो.

माझी बायको सत्यभामा वडनेर भोलजीची. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिला विषमज्वर झाला आणि दोन्ही कान गेले. त्याला एकोणीस वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तिला काही सांगायचं असलं की मी पाटीवर लिहायचो. एक पाटी चुलीपाशी असायची, एक अंगणात. पाटीवर भांडण फार वेळ चालत नाही. आमचं बरं चाललं होतं.

सत्तावीस नंबरमध्ये विशेष काही नव्हतं. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांची राख, टाकणखार, दळलेली काच आणि किंचित तांब्याचा गंज. सव्वीसमध्येही हेच होतं, फक्त राख थोडी कमी.

त्या रविवारी मी सत्तावीसच्या सहा वाट्या काढून फळीवर मांडल्या. रंग कोवळ्या हरभऱ्यासारखा उतरला होता. गार हवा लागली तशा त्या वाजू लागल्या. टिण. थोड्या वेळाने पुन्हा टिण. यात नवल नव्हतं. निवताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसते, तिला केसासारख्या बारीक चिरा जातात, त्याचा हा आवाज. म्हणजे प्रयोग फसला होता.

सत्यभामा माझ्याकडे पाठ करून गहू पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"कोणी बोलून राह्यलं का?" तिने विचारलं.

मी घरातून थाळी आणली आणि तिच्या पाठीमागे पळीने बडवली. शेजारचं कुत्रं भुंकलं, तिला पत्ता नव्हता. थाळी ठेवून मी एक वाटी हातात घेतली आणि वाट पाहिली. टिण. ती लगेच वळली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिला बुलढाण्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नादकाटा वाजवून कानाशी धरला, कानामागच्या हाडावर टेकवला. "मास्तर, दोन्ही कान पूर्ण बंद आहेत," ते म्हणाले. परतीच्या एसटीत माझा चेहरा उतरला होता. ती मात्र खिडकीशी बसून स्वतःशीच हसत होती.

बुधवारपर्यंत वाट्या वाजायच्या थांबल्या. "पुन्हा करा ना," ती म्हणाली.

मी पुन्हा केल्या. ती गालाला हात लावून फळीपाशी बसली. मी पाटीवर लिहिलं, काय ऐकू येतं?

"माय बोलते. सोजरामावशी बी हाय. पापडाचं चाललं त्यायचं."

तिची आई जाऊन सहा वर्षं झाली होती, मावशी त्याहून आधी गेली होती. मी लिहिलं, माय गेली, सत्या.

तिने वाचलं आणि पदराने पाटी पुसली. "मले ठाऊक हाय. म्हणून काय तिनं बोलू नाही?"

मी वाटीला कान लावला. टिण, एवढंच.

इतकी वर्षं शांततेत काढलेलं मन कशातूनही बोलणं घडवत असेल, अशी मी माझी समजूत घातली. त्यात वाईट काही दिसत नव्हतं. ती दळताना गुणगुणायला लागली. तिच्या अंगावर जरा मूठभर मांस चढलं. बाकीचे नंबर मी सोडून दिले आणि दर शनिवारी सत्तावीसच भाजू लागलो. कडूबा एकदा येऊन फळीकडे बघत राहिला.

"मास्तर, चिरा गेलेल्या वाट्या काऊन करता? आपल्या बरण्यायचं काय?"

"होईल रे," मी म्हणालो. तो पुन्हा विचारायला आला नाही.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी ती आनंदाने म्हणाली, "गुलाबदादा आला."

गुलाबराव तिचा थोरला भाऊ. वडनेरला शेती करायचा, धडधाकट होता. मी दाराकडे पाहिलं.

"इथं नाही. मायपाशी बसला. लय थकला म्हणते."

सोमवारी दुपारच्या एसटीने वडनेरचा माणूस निरोप घेऊन आला. आदल्या दिवशी सकाळी हरभऱ्याला पाणी देताना गुलाबराव शेतातच गेला होता. आम्ही वडनेरला गेलो. सगळ्या बायकांत सत्यभामा एकटी रडली नाही. बहिरी आहे, तिला पुरतं कळलं नसेल, असं लोक म्हणाले.

परत आल्यावर मी भट्टी बंद ठेवली. पहिल्या रविवारी ती सूप घेऊन थंड भट्टीशेजारी बसली, दुसऱ्या रविवारीही बसली. तिसऱ्या शनिवारी मी सत्तावीस भाजायला ठेवलं. एकोणीस वर्षांत तिला देता येईल असं माझ्या हाताला दुसरं काही लागलं नव्हतं.

मग माघ सरला. आम्ही सुखात होतो, हे मी आजही म्हणेन.

फाल्गुनातल्या एका रविवारी सकाळीच ऊन तापलं होतं. सत्यभामा अंगणाच्या पार त्या टोकाला मिरच्या वाळत घालत होती. तोंड माझ्याकडे, ओठ मिटलेले. मी चिरा पाहायला एक वाटी उचलली आणि सवयीने कानाशी नेली.

टिण ऐकू आलं नाही.

शेजारच्या घरात बायका बसल्यात, असं वाटलं. हलक्या आवाजात बोलणं चाललेलं. कोणीतरी हसलं.

मग त्यांच्यातला एक आवाज मी ओळखला. सत्यभामाचाच. पण त्यात चढउतार होता, गोडवा होता. कान गेले की माणसाच्या आवाजातून हे पुसलं जातं. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं ती अशी बोलायची.

मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली वाकून मिरच्या पसरत होती.

"जरा हळू बोला," वाटीतला आवाज म्हणाला. "हे ऐकून राह्यले."

सहाही वाट्या गप्प झाल्या.