तांबड्या गाईची केस

"ताई, खोटं सांगायचं नाही हं. केसपेपरात काही खोटं निघालं तर आमच्या पशुविज्ञानाच्या डॉक्टरबाई अख्खी वही परत करतात," असं म्हणत धाकटी पेन सरसावून समोर बसली, आणि थोरलीच्या हातातली सुई कापडातच थांबली...

नववीला पशुविज्ञान हा विषय घेतलेल्या प्रत्येकाला घरच्या एका आजारी जनावराची हकिकत, घरच्यांना विचारून, लिहून न्यायची होती. उद्या शेवटचा दिवस. आणि या मुलीने निवडली होती आठ वर्षांपूर्वी मेलेली तांबडी गाय!

"एखादं जुलाब झालेलं वासरू नाही का मिळालं तुला?"

"जुलाब सगळ्यांनीच घेतलेत. वहीवहीतून साथ पसरली आहे. सांग, गाईने काय खाल्लं होतं?"

"मका. दोन बादल्या."

"कोणी घातला?"

"मी."

हे उत्तर थोरलीच्या जिभेवर घट्ट बसलेलं होतं. शेजारच्या खोलीत बाबा दावं वळत बसले होते, आणि दार अर्धवट उघडं होतं.

आई गेल्यावर सहा वर्षांची ही धाकटी पाच महिने कुणाशी अवाक्षर बोलली नव्हती. बोलायची ती फक्त तांबडीच्या कानात. त्या संध्याकाळी थोरली घरी परतली, तेव्हा गाय दात खात उभी होती, पोट नगाऱ्यासारखं ताठ, आणि शेजारी रिकामी बादली कवटाळलेली ही चिमुरडी... "तिला भूक लागली होती," ती पुटपुटली. पाच महिन्यांनी माणसाशी बोललेले पहिले शब्द! तेवढ्यात मागे बाबांची पावलं वाजली. ते आता ओरडले तर हे तोंड पुन्हा मिटेल, कदाचित कायमचं, या एका भीतीने थोरली म्हणाली, "बाबा, मका मी घातला."

"शाळेत हेच शिकवतात का?" बाबा गरजले होते. गाय मेल्यावर त्यांनी थोरलीला हाच पशुविज्ञान विषय सोडायला लावला, मग शाळाच; गोठ्यात पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. जनावरांची डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीच्या वाट्याला खिडकीजवळचं शिलाई मशीन आलं. लहान मुलं विसरतात तशी धाकटी सगळं विसरून गेली. तिने विसरावं, एवढंच तर थोरलीला हवं होतं.

"किती वाजता घातलास?"

"आल्या आल्या. पाचला."

"आणि बाबा म्हणतात, सहाला गाय खाली बसली." धाकटीने पेन ओठाला लावलं. "तासाभरात असं होत नाही, ताई. मका पोटात आंबायला निदान दहा-बारा तास जातात. म्हणजे तिने तो सकाळी खाल्ला असणार. सकाळी कुठे होतीस तू?"

थोरलीने सुई पुन्हा कापडात खुपसली. "लिही ना काहीतरी... गाय म्हातारी होती असं लिही."

"चार वर्षांची?"

"सकाळी शिबिरात होती तुझी ताई." बाबा दारात उभे होते, हातात अर्धवट वळलेलं दावं. "शाळेच्या शिबिरात, दोन दिवस. मीच सोडून आलो होतो."

आठ वर्षं ही गोष्ट त्यांना माहीत होती, आणि आठ वर्षांत त्यांनी तिचा मेळ कशाशी घातला नव्हता...

"तुम्ही तर दिवसभर शेतावर असता, मग घरी कोण होतं?" धाकटीने विचारलं. हळूहळू तिचा चेहरा पांढरा पडला. "बादली जड होती," ती म्हणाली. "मी दोन खेपा केल्या... ताई, मी केल्या." तिने वही मिटली. "मला नको हा विषय."

थोरलीने तिचं मनगट धरलं. ज्या क्षणाला ती आठ वर्षं भीत आली होती तो समोर उभा होता, आणि तिचा आवाज मात्र शांत होता. "सोडून तर बघ. सहा वर्षांच्या पोरीला काय कळतं? कोठी उघडी टाकली ती मोठ्यांनी. आणि आंबायला किती तास लागतात ते मला तरी कुठे ठाऊक होतं? तो धडा यायच्या आधीच माझी शाळा सुटली. नाहीतर वेळ नीट जुळवून सांगितली असती."

हसता हसता धाकटी तिच्या मांडीत कोसळून रडू लागली.

बाबांनी वही उचलली. शेवटचा रकाना कोरा होता: 'पुन्हा असे घडू नये म्हणून काय करावे?'

"लिही," वही धाकटीपुढे धरत ते म्हणाले. "गाईच्या मालकाने चिडण्याआधी विचारावं... मी त्या दिवशी तुझ्या ताईला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही." मग ते थोरलीकडे वळले, पण नजर वर उचलेना. "पोरी, आता विचारू?"

थोरलीने मांडीवरचं कापड बाजूला केलं आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"विचारा, बाबा."