अर्ध्या इंचाची कड

सोमवारी सकाळी पुण्यात वैमानिक लक्ष्मणरावांच्या चौकशीची शेवटची सुनावणी होती. त्याआधी राजगुरुनगरच्या पश्चिमेला, पठारावर उलटून पडलेल्या त्यांच्या हेलिकॉप्टरचा डावा पाय चिंचवडला आणायचा होता. एवढ्यासाठी १९७६ च्या भाद्रपदातल्या शनिवारी आम्ही पहाटेची एसटी धरली.

पिकांवरच्या फवारणीची छोटी हेलिकॉप्टरं आमच्या चिंचवडच्या वर्कशॉपात दुरुस्तीला येत. त्यांना चाकं नसतात. पोटाखाली पायांसारख्या दोन लांब नळ्या असतात, त्यांवरच ती बसतात. नळ्या मुरुमावर झिजतात, म्हणून खाली लोखंडी पट्टी जोडायची. पट्टीचं ड्रॉइंग माझं, वेल्डिंग कोंडीरामभाऊंचं. पंधरा दिवसांपूर्वी ढग उतरले म्हणून लक्ष्मणराव पठारावर थांबले, आणि पुन्हा उठताना यंत्र कुशीवर आडवं झालं. त्यांच्या पायाचं हाड मोडलं. अधिकाऱ्यांनी धुक्यात अर्धा तास फिरून लिहिलं, "वैमानिकाने घाई केली." दवाखान्यातून लक्ष्मणरावांचा एकच निरोप होता : डावा पाय जमीन सोडतच नव्हता. तो खरा ठरला नाही तर परवाना जाणार होता. आणि तशाच पट्ट्यांची आणखी दोन यंत्रं सोमवारीच उडणार होती.

"पट्टीत खोट नसणार, ताई," कोंडीरामभाऊ म्हणाले. "माझ्या जोडावर हत्ती उभा करा."

"बघूनच येऊ," मी म्हटलं.

डोंगराखालच्या वाडीत तानुबाई वाट दाखवायला आल्या. लक्ष्मणरावांना यंत्रातून ओढून काढलं ते त्यांनीच. साठीच्या असतील, पण आमच्यापुढे चालत होत्या. कमरेएवढा ओढा ओलांडला, मग कारवीतून चढण लागली. ओल्या कातळावर पावलागणिक हात टेकावा लागे, साडीचा काठ चिखलाने जड झालेला, आणि प्रत्येक टेपाड संपलं की धुक्यातून दुसरं वर येई. बोलायचं त्राण कुणातच उरलं नाही. तिसऱ्या टेपाडावर कोंडीरामभाऊ खालीच बसले.

"मावशी, अजून किती?"

"ह्ये काय, आलंच," तानुबाई म्हणाल्या. हे त्या सकाळपासून म्हणत होत्या.

दुपारी दीडला धुक्यात ते दिसलं. एका कुशीवर पडलेलं, पंखे मोडलेले, काचेत पाणी साठलेलं. कोंडीरामभाऊंनी खिशातला हेलिकॉप्टर कंपनीचा परवानगीचा कागद चाचपला आणि करवत काढली.

माझी त्या दिवशीची तेहतीस गोपद्मं राहिली होती. चातुर्मासभर रोज काढायची, ती काढल्याशिवाय जेवायचं नाही. यंत्राच्या पोटाच्या आडोशाला तेवढा खडक कोरडा होता. पुडी सोडून मी तिथे रांगोळीने गाईचे खूर काढू लागले.

"ताई, इथं गाई कुठल्या? माकडं तेवढी येतील दर्शनाला."

मी हसले, आणि हात थांबला. अकराव्या खुराची रांगोळी खडकावर राहीना, आत उतरत होती. बोटाने पसरली तर पांढरी रेघ उमटली. हातभर लांब, आडवी, ताजी ओरखडलेली. ती एका चिरेपाशी संपत होती, आणि चिरेत आमच्या पट्टीचा पिवळा रंग लागला होता.

कोंडीरामभाऊंनी कापलेला तुकडा आणून तिथे टेकवला. पट्टीची खाली वळवलेली कड चिरेत नेमकी बसली. हलवली तर हलेना.

ती कड आधीच्या पट्ट्यांना नव्हती. ओल्या खडकावर यंत्र घसरतं अशी तक्रार आली, तेव्हा बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री मारणाऱ्या घरात वाढलेले कोंडीरामभाऊ म्हणाले होते, "अर्धा इंच खाली वळवू, पकड येईल." मलाही पटलं. मी काढून दिली.

"बैल न्हाई घसरत पत्रीनं," ते पुटपुटले.

तानुबाई म्हणाल्या, "बैल पाय सरळ वर उचलतोय, बाबा. ह्ये आदी कुशीला सरकलं, मंग उठाया लागलं. येक पाय धरल्याला, दुसरा वर. आडवंच झालं."

परतायला हवं होतं, पाऊस वाढत होता. आता कोंडीरामभाऊंच्या पाठीला बांधलेला तो तुकडाच लक्ष्मणरावांचा साक्षीदार होता. ओढा सकाळचा राहिला नव्हता. छातीपर्यंत लाल पाणी! तानुबाई पलीकडे गेल्या, दोर बांधला. मी पोहोचले. कोंडीरामभाऊ मध्यावर आले आणि थांबले.

नळीचं टोक दगडांत अडकलं होतं. पाणी त्यांना बाजूला ढकलत होतं. ते उठायला बघत, तसे जास्तच कलंडत. एक खांदा पाण्यात गेला. मग कान.

मी जन्मात ओरडले नव्हते. तेव्हा ओरडले. "भाऊ, उठू नका! खाली बसा! गाठ सोडा!"

"पुरावा जाईल, ताई!"

"जाऊ दे!"

ते पाण्यात बसले. ताण सैल झाला. गाठ सुटली. पिवळी पट्टी एकदा वर आली आणि गेली. आम्ही दोघींनी त्यांना दोराने ओढून घेतलं.

संध्याकाळी राजगुरुनगरच्या पोस्टातून मालोजीशेठना, आमच्या मालकांना, ट्रंककॉल लावला. "दोन्ही यंत्रं उडू देऊ नका. चूक पट्टीची आहे. ड्रॉइंगवर सही माझी आहे."

ते म्हणाले, "वर्कशॉपचं नाव जाईल, इंदुताई."

"हो," मी म्हटलं.

ते थकल्यासारखे म्हणाले, "बरं. या."

रविवारी कोंडीरामभाऊंनी दोन्ही यंत्रांच्या चारही कडा कापल्या. आदल्या दिवसाचा ताप अंगात होता, तरी ग्राइंडर दुसऱ्याच्या हाती दिला नाही. संपल्यावर एक कड त्यांनी फडक्यात गुंडाळून माझ्यासमोर ठेवली.

"हीच ती. हिच्यासाठी डोंगर कशाला चढलो आपण?"

"चढलो नसतो तर कापली असती का?"

त्यांनी फडकं पुन्हा घट्ट गुंडाळलं.

सोमवारी ती कड आणि माझं ड्रॉइंग टेबलावर होतं. कुबड्या टेकत लक्ष्मणराव आत आले. अधिकाऱ्यांनी विचारलं, "ही कोणाची कल्पना?"

मी उठायच्या आत शेजारची खुर्ची सरकली. कोंडीरामभाऊ उभे होते. मग मीही उभी राहिले.