तारे विरळ होतात ती बाजू

मुलांनो, डोळे मिटा आणि असा अंधार मनात आणा, की नाकापुढे धरलेला आपलाच हात दिसू नये. पायांखाली बर्फ करकरतोय, श्वासाची वाफ होतेय. आलात तिथे? अशाच अंधाराच्या शोधात भिंगरी निघाली होती.

भिंगरी हे टोपणनाव. पोर एका जागी बसेल तर शपथ! दूर उत्तर ध्रुवाकडच्या एका मोठ्या शहरात तिच्या खिडकीतून जेमतेम चार तारे दिसत. बाकीचे रस्त्यावरचे दिवे खाऊन टाकत. आणि आज तिला धूमकेतू बघायचा होता. उद्यापासून ढग येणार होते, आणि तो पुन्हा येईल तेव्हा भिंगरीची पणतवंडंसुद्धा म्हातारी झालेली असतील!

चष्मे बनवणाऱ्या काकाने हिवाळाभर भिंगं घासून दुर्बीण केली होती. बस चालवणाऱ्या आत्याने गाडी रस्त्याकडेला लावली. दुर्बीण हाताने ओढायच्या छोट्या बर्फगाडीवर बांधून तिघं टेकडीपलीकडच्या माळावर उतरले. काकाचा नियम एकच: पांढरा दिवा लावायचा नाही! अंधाराला सरावलेले डोळे क्षणात दिपतात. म्हणून विजेरीवर लाल कागद.

"दादा, या लाल उजेडात मला माझे पाय दिसत नाहीत," आत्या कुरकुरली.

"पाय बघायला आलीस की आकाश?"

तेवढ्यात कड्‌! बर्फाचा पापुद्रा फुटला. आत्याचा पाय गारठलेल्या पाण्यात गेला आणि घोटा मुरगळला. ती थरथरू लागली.

काकाचा चेहरा उतरला. धूमकेतू उगवायला अजून अवकाश होता. पण तो म्हणाला, "चला, परत!"

काकाने दुर्बीण पाठीला बांधली आणि आत्याला बर्फगाडीवर बसवलं. फोनला रेंज नव्हती. आणि वाऱ्याने पाऊलखुणा पुसून टाकल्या होत्या!

"तो बघ उजेड. शहर तिकडेच," काकाने क्षितिजावरच्या फिकट पट्ट्याकडे बोट दाखवलं. दोघं बर्फगाडी ओढू लागले. भिंगरीला मात्र चैन पडेना. मान सारखी वर. ती थांबली.

"काका, त्या उजेडातून तारे दिसतायत."

"मग?"

"आपल्या शहराच्या उजेडातून कधी दिसलेत?"

काका जागीच खिळला. पट्टा पडद्यासारखा हलकेच हलला. ध्रुवीय प्रकाश! ते निर्मनुष्य रानात चालले होते!

भिंगरी गर्रकन वळली. सगळीकडे ताऱ्यांचा सडा. फक्त एका बाजूला, टेकडीच्या माथ्यावर, ते विरळ होते. कुणीतरी खाल्ल्यासारखे. ज्या उजेडावर ती इतकी वर्षं चिडली, तोच तो!

"घर तिकडे!"

ओढा! दम घ्या! ओढा! माथा आला. पलीकडे खाली रस्ता, आणि कडेला आत्याची गाडी!

आत्याला गाडीत बसवून होताच काका कुजबुजला, "भिंगरे, मागे बघ... उगवला! दुर्बीण लावतो. तुझे डोळे अजून अंधारातले आहेत. दोनच मिनिटं."

"ब-बघ गं," आत्या म्हणाली. तिचे दात कडाकडा वाजत होते.

भिंगरीने एकदाच मागे पाहिलं. टेकडीवर एक धूसर ठिपका आणि त्याची पुसटशी शेपटी. मग ती गाडीत चढली, किल्ली फिरवली, आणि गाडी चालवताना काकाला रस्ता दिसावा म्हणून स्वतःच्या हाताने समोरचे लख्ख पांढरे दिवे लावले.