बेचाळिसावं पान

हर्सूलच्या मठातलं पोथीचं एक पान चोरीला गेलं, म्हणून पोलीस जमादार गयास यांना मंगळवारी भर दुपारी बोलावणं आलं. निजामाचं राज्य जाऊन तीन वर्षं झाली होती. टोपी बदलली, दुखरे गुडघे तेच होते. ते कंटाळून निघाले.

भांडण जुनंच होतं. मठ झाडणारी विधवा साळूबाई मठातच राहायची. पोथीच्या मते विधवेनं मठात राहू नये, असं नानासाहेब पाटलांचं म्हणणं. त्याच पोथीत राहावं असं लिहिलंय, हे पुजारी बन्सीचं. निवाडा संध्याकाळी होता, आणि पंचांना पान डोळ्यांनी बघायचं होतं.

पोथी सुट्या पानांची. श्रावणात दर सोमवारी नानासाहेब एकेचाळिसाव्या पानापर्यंत वाचत आणि आरतीला उठत. वाचलेली पानं डावीकडे पालथी, उरलेली उजवीकडे तशीच राहत. मंगळवारी बन्सी पुढचं वाची. आज त्याला बेचाळिसावं मिळालं नाही.

"पुढचं पान कधी वाचलंय का?" गयासनी नानासाहेबांना विचारलं.

"कशाला? माझा वाटा तिथंच संपतो," नानासाहेब म्हणाले.

बन्सीला ते पाठ होतं. आधी विधवेनं राहू नये असा आक्षेप लिहिलाय, मग त्याचं उत्तर; आक्षेप एकेचाळिसाव्यावर, उत्तर बेचाळिसाव्यावर. पाठांतर पंच मानणार नव्हते.

साळूबाई बाजारातून तेल घेऊन आली. मंगळवारी ती नेहमीच बाजारात असे.

गयास थकून ओट्यावर बसले. "नानासाहेबांना त्या पानात काय आहे, ठाऊकच नाय. बन्सीचा तर तोच आधार. मग चोराला हवं होतं एकेचाळिसावं. पण ते डावीकडं पालथं पडलेलं. वाचता येणाऱ्यानं आकडा बघितला असता. हा माणूस सोमवारी ऐकतो, मंगळवारी नसतो, अन् सकाळी झाडायला एकटाच आत जातो. वाचन थांबलं तिथलं, उजवीकडचं वरचं पान त्यानं उचललं."

साळूबाईनं तेलाची बाटली खाली ठेवली. "चुलीत घातलं," ती म्हणाली. "मला हाकलायचं पान होतं ना ते?"

बन्सीनं हळूच सांगितलं, "मठात दिवा लावणारीला मठ सोडायला कोणी सांगू नये, असं होतं त्यावर."

ती नानासाहेबांकडं वळली. तिला रडू आलं नाही.

"तीस वर्सं मी दारात बसून ऐकलं," ती म्हणाली. "एक पान पुढं वाचलं असतं तर काय झालं असतं?"

नानासाहेब उरलेली पानं गोळा करू लागले. संध्याकाळी पंचांनी लिहिलेलं मागितलं तेव्हा एकेचाळिसावंच उरलं होतं, आणि साळूबाईला मठ सोडून जावं लागलं.