फाईलीतला पाचवा

खोटं वाटत असन तर दामिनीले विचारा. माही मावसबहीण हाय. अमरावतीले गाडगेनगरात रूम करून राहते.

मागच्या मार्चमधली गोष्ट. भर दुपारची!

पाच वाजेपर्यंत ग्रुप प्रोजेक्ट द्यायचा होता. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातल्या कामगारांचा सर्व्हे. नाही दिला तर चौघंही नापास.

चौघं कायचे? फाईल ऑनलाईन, सगळ्यांनी मिळून लिहायची... अन् लिहून राहिली एकटी दामिनी.

गजेंद्र सेमाडोहले फिरायले गेलता, तिथं रेंज नाही. नईमा अकोल्याले, मोबाईल दुरुस्तीले टाकलेला. वकार ग्रुपवर नुसता अंगठा पाठवे.

"मेले का बे सगळे?" दामिनीनं ग्रुपवर टाकलं.

अंगठा आला.

दातओठ खात ती परत फाईलीत गेली. अन्...

तिसरं प्रकरण कोणीतरी लिहून राहिलं होतं.

कर्सरवर नाव होतं, श्रावण.

ग्रुपात श्रावण नव्हताच कोणी! पण आपल्याकडची पद्धत माहीत हाय न? सीनियरची फाईल घ्यायची, आकडे अन् नावं बदलायची. गजेंद्रनं तर कॉपीसुद्धा नव्हती केली. सीनियरच्याच फाईलीत सगळे घुसले होते.

दामिनीनं सीमाताईले फोन लावला. फाईल तिच्या ग्रुपची.

"ताई, तुमच्या श्रावणले सांगा न, आमच्या फाईलीतून निघ म्हणा."



"श्रावण? अवं, तो तर आमचा प्रोजेक्ट द्यायच्या आधीच गेला. बडनेऱ्याजवळ, गाडीवरून पडून. सगळं त्यानंच लिहिलं होतं. मंग आमी नाव काढून टाकलं. त्याले मार्क काय करायचे होते?"

दामिनीनं झटक्यात त्याले फाईलीतून काढलं.

कर्सर लिहीतच होता...

मंग बाजूले कॉमेंट आली.

"माहं नाव काहून नाही?"

तिनं कव्हरवर चार नावांखाली पाचवं लिहिलं.

कर्सर थांबला.

प्रोजेक्ट गेला. सगळे पास! वकारचा अंगठा आला.

पण यंदा गजेंद्रनं तीच फाईल ज्युनियरले देली... पाचही नावं पुसून.

परवा मी दामिनीच्या रूमवर होतो. तिले एका ज्युनियर पोरीचा फोन आला.

"थँक्यू ताई! तुमी अन् श्रावणदादा सकाळपासून लिहून राहिले न आमच्यासाठी..."

दामिनीचा लॅपटॉप कपाटात होता. बंद.

तिनं माह्याकडं पाहिलं.

"काहून रे, मी जिती हावो न?"

म्या हो म्हणलं.

पण पटकन नाही निघालं तोंडातून...