सातव्या पानापर्यंत

मंगळवारी सकाळी मी कन्व्हर्टरशी भांडत बसले होते. त्यात नवल काही नाही, सतरा वर्षं माझी नोकरी तीच आहे. पडद्यावर जुळवलेलं पान कितीही देखणं दिसलं तरी लेझर प्रिंटरला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मधे एक दुभाषा प्रोग्राम लागतो, तोच कन्व्हर्टर. आमचा दुभाषा जुना आणि हेकट. काम करतो, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू: हा फॉन्ट सापडला नाही, ते अक्षर बदललं, मेमरी भरत आली. शेवटी वैतागून मी त्याच्या सूचना दिसणंच बंद करून टाकलं होतं. आमच्या धंद्यात हे सगळेच करतात, कबूल कोणी करत नाही.

अकराच्या सुमाराला लहान मुलांच्या इस्पितळातून औषधविभागाच्या बाईंचा फोन आला.

"नमुन्याचं पान पाहिलं. अहो, अडीचचे पंचवीस झालेत."

माझं धाबं दणाणलं. औषधांच्या मात्रांची पुस्तिका होती ती, अठ्ठेचाळीस पानं, नुसते तक्ते. लेझरवर निघालेल्या पानावरूनच छपाईची प्लेट बनते, म्हणजे पानावर असेल तेच छापलं जाणार. पाच वाजता मशीनवर चढवायची आणि सकाळी परिचारिकांच्या हातात द्यायची, असं ठरलेलं.

सूचना पुन्हा चालू केल्या तेव्हा गोम कळली. प्रिंटरची मेमरी भरली की कन्व्हर्टर सर्वांत लहान आकार गाळत होता. सर्वांत लहान आकार म्हणजे दशांशाचं टिंब. तेच पान पुन्हा काढलं तर गेलेलं टिंब परत यायचं आणि दुसरंच कुठलंतरी गळायचं. बाराएक वाजेपर्यंत मी सगळे उपाय केले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

उरला एकच मार्ग. एकेक पान काढायचं, मूळ कागदाशी ताडून वाचायचं आणि गळालेलं टिंब बारीक पेनाने हाताने द्यायचं.

हे वाचायचं काम आईचं. याच छापखान्यात बत्तीस वर्षं तिने प्रुफं वाचली. तिची फिकट निळी पेन्सिल होती. तो निळा प्लेटच्या कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून खुणा थेट पानावर केल्या तरी चालतात. टिंब राहिलं असेल तर त्या ओळीसमोर समासात छोटं वर्तुळ आणि वर्तुळात टिंब. पान निर्दोष असेल तर उजव्या कोपऱ्यात खाली एक टिक, शेपूट जरा आत वळलेलं. ती टिक असल्याशिवाय पान मशीनखात्यात जात नसे.

आठ महिन्यांपूर्वी तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून ती दादाकडे अंथरुणावर आहे. मालकांनी तिच्या जागी कोणाला घेतलं नाही. "आता संगणक तपासतो की सगळं," म्हणाले. संगणक काय तपासतो ते मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले. त्याची लाज मला आजही वाटते.

आमचा प्रिंटर शेवटचं पान आधी काढतो, म्हणजे गठ्ठा आपोआप क्रमाने लागतो. एक वाजता अठ्ठेचाळीसावं पान बाहेर आलं. ते वाचून होईपर्यंत माझं कोपऱ्याकडे लक्षच गेलं नाही.

कोपऱ्यात निळी टिक होती.

आमच्या प्रिंटरमध्ये फक्त काळी पूड असते. मी झाकण उघडून आतला रूळ पुसला. पूड बदलली. कागदाचं नवं रीम फोडलं. कन्व्हर्टरने बनवलेली फाइल उघडून ओळन् ओळ पाहिली, त्या कोपऱ्यात काहीच काढायला सांगितलं नव्हतं. मग सत्तेचाळीसावं काढलं. नवव्या ओळीसमोर निळं वर्तुळ, त्यात टिंब. ओळीत पंचाहत्तर होते. मूळ कागदावर साडेसात.

मी पेन उचलून टिंब दिलं. टिंब जागेवर पडलं.

शेचाळीसाव्यावर टिक. पंचेचाळीसाव्यावर दोन वर्तुळं, दोन्ही बरोबर. मी वाचत होतेच, पण माझ्याआधी कोणीतरी वाचून ठेवत होतं. त्या टिकांचं आत वळलेलं शेपूट ओळखायला मला भिंग नको होतं.

दोनला दादाचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"अगं, आईचा उजवा हात हलतोय! चादरीवर बोट फिरवतेय तासभर!"

मला रडू आलं. आठ महिने आम्ही त्याच हाताला रोज तेल चोळत होतो. मी फोन ठेवला आणि पुढचं पान प्रिंटरला सोडलं.

तीनला पुन्हा फोन. "तिचं बोट निळं पडलंय. डॉक्टर म्हणतात, रक्तातला ऑक्सिजन उतरतोय. पण हात काही थांबत नाही."

"सारखा हलतोय?"

"नाही. मधेमधे. मधे चांगली दोन-तीन मिनिटं शांत असते."

एक पान वाचायला मला तेवढाच वेळ लागत होता. मी फोन कानाला तसाच धरला आणि एकोणिसावं पान सोडलं. प्रिंटर घरघरला.

"हा बघ, आत्ता हलला," दादा म्हणाला.

पान बाहेर आलं. टिक.

मी असल्या गोष्टी मानणारी नाही. योगायोग असतात. मी अठरावं सोडलं.

"परत हलला."

मग मी फोन ठेवला आणि भराभर पानं सोडत गेले, कारण पुस्तिका पाचला जायची होती आणि पहिल्या सहा पानांवर नवजात बाळांच्या मात्रा होत्या. टिका पुसट होत चालल्या होत्या. अकराव्या पानावरच्या वर्तुळाची टोकं जुळलीही नव्हती.

सातवं पान आलं तेव्हा फोन वाजला.

"नाडी लागत नाहीये नीट. तू निघून ये."

सहावं पान प्रिंटरच्या तोंडाशी होतं.

मी रद्दचं बटण दाबलं. कागद अर्ध्यात थांबला. मी प्रिंटरची तार उपसून काढली.

फोन अजून कानालाच होता. मग दादा हळूच म्हणाला, "थांबला गं हात. झोपली. रंग परत येतोय."

उरलेली सहा पानं मी बिलं निघतात त्या दुसऱ्या प्रिंटरवर काढली. त्यांवर एकही खूण नव्हती. डोळ्यांत तेल घालून दोनदा वाचली, गळालेली दोन टिंबं दिली. आईच्या खणातून तिची पेन्सिल काढली आणि सहाही पानांवर टिक केली. माझी टिक सरळ येते, शेपूट वळत नाही. पाचला पाच कमी असताना गठ्ठा मशीनखात्यात दिला.

दादाकडे पोचले तेव्हा सात वाजत होते. आई शांत झोपली होती, श्वास एका लयीत. बोटाच्या टोकावर मात्र अजून निळं होतं. मी फडकं ओलं करून हलकेच पुसलं. निळं निघालं आणि फडक्याला लागलं. दादाला दिसू नये म्हणून मी फडक्याची घडी घातली.

"मधे एकदा हलला होता हात," तो म्हणाला. "सहाला. अगदी थोडा."

मी तिचा हात उचलून चादर सारखी करायला गेले.

हाताखाली फिकट निळं वर्तुळ होतं. त्यात टिंब. शेजारी आकडा: ३.

मी बाहेरच्या खोलीत जाऊन छापखान्यात फोन लावला. मागे मशीन धडधडत होतं. मशीनवाल्या काकांना तिसरं पान घ्यायला सांगितलं आणि माझ्या पिशवीतला मूळ कागद उघडून आकडे एकेक करून वाचू लागले. चौथ्या ओळीला ते अडले.

"ताई, तुम्ही सव्वा म्हणताय. इथे एकशे पंचवीस आहे."

"मशीन बंद करा, काका. एकही प्रत बाहेर जाऊ देऊ नका."

ते कोणालातरी ओरडले. धडधड मंदावली, थांबली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. सकाळी कुठल्याच बाळाला शंभरपट औषध जाणार नव्हतं.

आत आले. दादा खिडकीशी उभा राहून डॉक्टरांना आईला बरं वाटतंय म्हणून फोनवर कळवत होता. चादरीवर त्या आकड्याखाली आता एक टिक होती, आत वळलेल्या शेपटाची.

आईचं बोट पुन्हा निळं झालं होतं. मी घडी उलगडून ते पुसलं. परत पुसलं, जरा जोर लावून.

या वेळी रंग फडक्याला लागला नाही.