सोजरबाईच्या ज्वारीतला किडा

कोंडीराम वॉचमनच्या कणगीतून मॅनेजर नानासाहेबांनी गाठोडं ओढून काढलं, तेव्हा चिंचवडची अख्खी चाळ दारात लोटली होती. कंपनीतून चोरीला गेलेल्या पितळी बुशांपैकी, म्हणजे यंत्रात बसवायच्या कड्यांपैकी, निम्मे त्या गोणपाटात निघाले. घडीतून एक मेलेला काळा किडाही खाली पडला.

“ज्वारीतला किडा! म्हंजे माल कैक दिवस हितंच हाय,” बातमी देणारा ज्ञानदेव म्हणाला.

“मुडद्या! माझ्या ज्वारीत किडा?” सोजरबाई कडाडली. नवऱ्याची नोकरी आणि अब्रू दोन्ही चालली होती, पण बाई पेटली ती किड्यावरून.

चोर दुसरा असेल तर दाखवा म्हणून नानासाहेबांनी संध्याकाळपर्यंत मुदत दिली. चाळकऱ्यांनी खाजगी तपास करणाऱ्या इंदुताई शेलारांना गाठलं. सोबत त्यांचा मदतनीस ज्योतीराम आलाच. ताईंचा त्याला केवढा अभिमान! डोकं ताईंचं, छाती फुगायची ह्याची.

कोठारावरच्या चिमाजीला घाम फुटला होता. “माल माझ्या ताब्यातून गेला, कबूल. पण फाटकावर प्रत्येकाची झडती होते, ताई. बाहेर गेला कसा?”

ज्ञानदेव ऐटीत होता. आग विझवायला बांधलेला उघडा हौद त्याच्याकडे. “कंपनीत तेवढंच उघडं पाणी. वरच्या जाळीची किल्ली माझ्या कमरेला, दुसऱ्याची हात लावायची टाप न्हाई! कालच गाळ काढून गाडीनं फाटकाबाहेरच्या खड्ड्यात टाकला. पाणी बघा, आरसा!”

सोजरबाई अजून धुमसत होती. “उन्हात वाळवते, राख चोळते, थराथराला कडुलिंबाचा पाला घालते. दार दिवसा उघडंच असतंय. कुलूप लावलं तर शेजाऱ्याला काय वाटंल?”

“ज्योतीराम, तुझ्या घरच्या ज्वारीतला एक किडा आण,” ताई म्हणाल्या.

“माझ्याच का?”

“हमखास मिळेल म्हणून!”

संध्याकाळी ताईंनी दोन्ही किडे कागदावर ठेवून नानासाहेबांच्या हाती भिंग दिलं.

“हा ज्योतीरामाकडचा सोंडकिडा. तिळाएवढा, पुढं सोंड. दाणा पोखरून आतच राहतो. हा गाठोड्यातला चिंचोक्याएवढा. सोंड नाही, अंग गुळगुळीत आणि मागचे पाय चपटे, केसाळ, वल्ह्यासारखे. ज्वारीत वल्ही कशाला मारायची? हा पाणकिडा. दोघांचं कूळ वेगळं नि घरही वेगळं. गाठोडं आधी पाण्यात बुडवलेलं होतं, आणि कंपनीत उघडं पाणी एकच!”

ज्ञानदेवाचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

“झडतीला माणसं उभी राहतात, गाळ नाही. गाळाच्या गाडीतून माल निघाला. संशय फिरवायला निम्मा तू उघड्या दारातून कणगीत टाकलास. उरलेला खड्ड्यात असेल.”

होताच. ज्योतीराम गुडघाभर चिखलातून वर आला तो विजयी वीराच्या थाटात.

नानासाहेबांनी हात जोडले. “कोंडीराम, चुकलो. उद्या कामावर ये.”

“त्ये ऱ्हाऊ द्या,” सोजरबाईनं ज्वारीनं भरलेलं सूप त्यांच्यापुढं आपटलं. “आधी समद्यांदेखत बगा, आन् सांगा.”

साहेब वाकले, भिंगातून दाणा न् दाणा पाहिला, मग चाळीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, “सोजरबाईंच्या ज्वारीत किडा नाही!”

“व्हय तर!” बाई म्हणाली, आणि मगच तिनं नवऱ्याची वॉचमनची टोपी खुंटीवरून काढून त्याच्या डोक्यावर ठेवली.